क्रिकेटचा चेंडू आधी पडला, मग पुस्तक खोटं का?

एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. गुरुत्वाकर्षण प्रयोगातून समजावं म्हणून त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून क्रिकेटचा चेंडू आणि टेबल टेनिसचा चेंडू बरोबर सोडले. जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी खाली पडतात, असं पुस्तकात होतं. पण क्रिकेटचा चेंडू आधी खाली पोचला, तोही चांगल्या अंतराने. मुलगा म्हणाला, "बाबा, पुस्तकात खोटं लिहिलंय." आता पुढे काय करायचं आणि घरच्या घरी कोणते प्रयोग करायचे, असं त्यांनी विचारलंय.

आधी मुलाला शाबासकी द्या. त्याने पाहिलं ते खरं आहे आणि पुस्तकासाठी त्याने डोळे मिटून घेतले नाहीत. मी तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. असा प्रयोग केला की बरीच मुलं वस्तूंकडे न बघता सरांच्या तोंडाकडे बघायची आणि सुरात म्हणायची, "एकदम पडल्या, सर!" पुष्कळदा त्या एकदम पडलेल्या नसायच्या.

तुमचं चुकलं ते उंचीत. जितकं उंच जावं तितका प्रयोग झकास होईल असं वाटतं, पण इथे उलटं आहे. टेबल टेनिसचा चेंडू २.७ ग्रॅमचा, क्रिकेटचा १६० ग्रॅमच्या आसपास. हवा दोघांनाही अडवते, पण त्या अडवण्याचा परिणाम हलक्यावर फार होतो. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध जवळजवळ चौपट होतो. तुमची गॅलरी ६ मीटरवर धरली, तर माझ्या हिशेबाने क्रिकेटचा चेंडू जमिनीला टेकला तेव्हा दुसरा अजून मीटरभर वर होता. हेच दोन चेंडू १ मीटरवरून, म्हणजे ओट्याच्या जरा वरून सोडा. फरक तीन-चार सेंटीमीटरचा उरतो आणि तो डोळ्याला कळत नाही. वेग वाढायला वेळच मिळत नाही, त्यामुळे हवेला फारसं काही करता येत नाही. (आणि ६ मीटरवरून आलेला लेदरचा चेंडू ताशी जवळपास ४० किलोमीटर वेगाने खाली येतो. गॅलरीतून पुन्हा काही सोडू नका.)

म्हणून पहिलं काम हे करा. मुलाला पुस्तकातलं ते वाक्य काढायला सांगा आणि शेजारी पेन्सिलीने त्याच्याच हाताने लिहायला लावा: "हवा नसेल तर". पुस्तक खोटं नाही, घाईत आहे. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं आहे. तिथे पोचलेल्या मुलाला सूत्रं पाठ असतात, पण पडणारी वस्तू नीट पाहिलेली नसते. ती पाहणं अवघड आहे हेही खरं. १ मीटर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. खाली सांगितलेले प्रयोग म्हणजे ते पडणं कसंतरी पकडण्याच्या युक्त्या आहेत.

एक नियम मात्र सगळीकडे पाळा. हात सोडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, पेनने. तोंडी अंदाज नको, कारण वस्तू पडल्यावर प्रत्येक जण म्हणतो, "मला माहीतच होतं."

पहिला प्रयोग वही आणि कागदाचा. वही एका हातात, वहीचं सुटं पान दुसऱ्या हातात, सोडा. पान डुलत डुलत येतं. आता त्याच पानाचा घट्ट बोळा करून सोडा. वजन तेच, कागद तोच, पण बोळा वहीबरोबर खाली. इथेच विचारा की वजन बदललं नाही तर बदललं काय? तिसऱ्या वेळी वहीपेक्षा थोडा लहान कागद वहीवर सपाट ठेवा, वही आडवी धरून सोडा. कागद वहीला सोडत नाही.

चलाख मुलगा इथे हरकत घेतो: "वहीच्या मागे हवेची पोकळी होते, ती कागदाला ओढते." हरकत थोडी खरीही आहे. झटकून टाकू नका. एक पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या, कबुतराचं एखादं पीस आत टाका, झाकण लावा आणि बरणी गादीवर पडू द्या. आतली हवा बरणीबरोबरच खाली येते आहे, त्यामुळे पिसाला अडवायला कुणी नाही. पीस मुळातच सावकाश पडणारं असेल तर बरणी पुढे निघून जायला हवी आणि पीस झाकणाला लागायला हवं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहा, पीस तळाजवळच राहतं. यानंतर चंद्रावरचा प्रयोग दाखवा. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेचा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही एकदम टेकले. त्याची चित्रफीत सहज मिळते. पण ती आधी दाखवू नका. आधी दाखवली की मुलांना तो चंद्राचा चमत्कार वाटतो.

जड आणि हलकं यासाठी मला सगळ्यात आवडते ती जोडी नारळ आणि सुपारीची. मुलांना या वस्तू ओळखीच्या, दोन्ही गोल, वजनात जमीन-अस्मानाचा फरक. अडचण एकच, सोडणाऱ्याचा हात. जड वस्तू धरलेली बोटं आवळलेली असतात, ती उशिरा सुटतात. एकदा शाळा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर माझी सुपारी नारळाच्या आधी खाली आली. साहेब म्हणाले, "गुरुजी, हा कोणता नियम?" तेव्हापासून मी हात वापरणं सोडलं. एक फळी किंवा पाट आडवा धरा, त्याच्या कडेला दोन्ही वस्तू शेजारी शेजारी ठेवा आणि पाट झटक्यात खाली काढून घ्या. खाली पत्र्याचा डबा उपडा किंवा जुनं ताट ठेवा. आणि मुलांना डोळे मिटायला सांगा. पडताना बघण्यापेक्षा पडल्याचा आवाज ऐकणं जास्त भरवशाचं, कारण दोन आवाजांतला बारीक फरक कान चटकन पकडतो. एकच "ठक्" आला की काम झालं. नारळ फुटला तर खोबरं वाटून टाका.

मग "का?" हा प्रश्न येतो. पृथ्वी नारळाला जास्त जोराने ओढते हे खरंच आहे, तेच तर त्याचं वजन. पण नारळ हलवायलाही तितकाच जड आहे. दुप्पट ओझ्याच्या गाडीला दुप्पट बैल जुंपले तर गाडीची चाल तीच राहील, तसं. गॅलिलिओने यासाठी प्रयोगही न करता पटेल असा युक्तिवाद केला होता. समजा जड दगड भरभर पडतो आणि हलका सावकाश. मग दोन्ही एकमेकांना बांधले तर काय होईल? हलका जडाला मागे खेचेल, म्हणून जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडेल. पण जोडी तर एकट्यापेक्षा जड आहे, म्हणजे ती जास्त भरभर पडायला हवी! दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. सातवीतल्या मुलाला हा पेच घाला आणि रात्रभर राहू द्या. इटलीतल्या पिसा शहराच्या झुकत्या मनोऱ्यावरून गॅलिलिओने गोळे टाकल्याची गोष्ट मात्र त्याच्या शिष्याने नंतर लिहिलेली आहे आणि ती घडली का याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. ती गोष्ट म्हणूनच सांगा.

आता माझा लाडका प्रयोग. याला खर्च वीस-तीस रुपये आणि एक संध्याकाळ. हार्डवेअरच्या दुकानातून बारा सारखे नट आणा आणि पातळ पण मजबूत दोरा. पहिल्या दोऱ्याच्या टोकाला एक नट बांधा, मग तिथून ५०, १००, १५०, २०० आणि २५० सेंटीमीटरवर एकेक. म्हणजे सगळे सारख्या अंतरावर. दुसऱ्या दोऱ्यावर टोकाला एक आणि टोकापासून १०, ४०, ९०, १६० आणि २५० सेंटीमीटरवर एकेक. स्टीलचं ताट जमिनीवर उपडं ठेवा, स्टुलावर उभं राहून दोरा असा धरा की खालचा नट ताटाला जेमतेम टेकेल. आणि सोडण्याआधी विचारा, "कोणता दोरा एका लयीत वाजेल?"

आजवर माझ्यासमोर जवळजवळ प्रत्येक मुलाने, आणि शिक्षकांच्या शिबिरात शिक्षकांनीसुद्धा, सारख्या अंतराचा दोरा सांगितला आहे. तो सोडला की ठक... ठक, ठक, ठकठक असा आवाज येतो, भजनाच्या शेवटी टाळ चढत जातात तसा. दुसरा दोरा सोडला की घड्याळासारखी एकसारखी लय, दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा. वर्ग पहिल्यांदा गप्प होतो, मग "परत, परत!" सुरू होतं.

आता मुलाला दुसऱ्या दोऱ्यावरच्या लागोपाठच्या नटांमधली अंतरं मोजू द्या: १०, ३०, ५०, ७०, ९०. सारख्या वेळात पडण्याची अंतरं १, ३, ५, ७, ९ अशी विषम संख्यांत वाढत जातात आणि त्यांची बेरीज १, ४, ९, १६, २५ अशी वर्गसंख्यांत. वेळ दुप्पट तर अंतर चौपट. हे तुम्ही सांगायचं नाही, त्याने वहीत आकडे मांडून शोधायचं. मग त्याला तिसरा दोरा स्वतः बनवू द्या, १० च्या जागी ८ सेंटीमीटर घेऊन. लय तशीच एकसारखी राहते, फक्त जरा जलद. इथवर आलेल्या मुलाला दहावीतलं अंतराचं सूत्र म्हणजे जुन्या ओळखीचं कुणीतरी वाटतं. दोऱ्याला पीळ पडला किंवा नट सरकले तर लय बिघडते, म्हणून गाठी पक्क्या मारा.

हेच सावकाश बघायचं असेल तर उताराचा मार्ग आहे, गॅलिलिओने तोच धरला. इलेक्ट्रिशियन वापरतात ती २ मीटरची केसिंग पट्टी घ्या, एका टोकाखाली ५ सेंटीमीटरचं पुस्तक ठेवा आणि गोटी सोडा. खाली यायला पाचेक सेकंद लागतात. दर सेकंदाला टाळी वाजवा, टाळीसरशी गोटी कुठे होती तिथे खूण करा. खुणा पुन्हा त्याच प्रमाणात येतात, थोड्याफार चुकीने. गॅलिलिओकडे सेकंदाचं घड्याळ नव्हतं. त्याने भांड्यातून बारीक धारेने पाणी गोळा करून ते तोललं, जितकं पाणी तितका वेळ. हे ऐकून एखादं मूल छिद्र पाडलेली बाटली घेऊन बसतं, बसू द्या. उतारावर एक काळजी घ्या. भरलेला डबा विरुद्ध रिकामा डबा अशी शर्यत लावू नका. घरंगळताना वस्तुमान मध्याजवळ आहे की कडेला यानेही फरक पडतो, आणि मुलं पुन्हा "जड आधी, हलकं नंतर" यावर जातात.

मुलांना खरी चटक लागते ती नोटेच्या खेळाची. पाचशेची नोट उभी धरा, मुलाने अंगठा आणि बोट नोटेच्या मध्यावर, न टेकवता ठेवायचं. "पकडलीस तर तुझी." न सांगता सोडा. नोट १५ सेंटीमीटर लांब असते, म्हणजे निम्मी ७.५. तेवढं अंतर पडायला सुमारे ०.१२ सेकंद लागतात. डोळ्याने पाहून बोट मिटायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. त्यामुळे नोट तुमचीच राहते. अट एवढीच की सोडण्याची लय त्याला ओळखू येऊ नये. मग नोटेच्या जागी ३० सेंटीमीटरची पट्टी घ्या आणि शून्याची खूण बोटांपाशी ठेवा. पट्टी १५ वर पकडली तर ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. घरातल्या सगळ्यांची मोजणी घ्या, आजीची पण. गुरुत्व इथे घड्याळाचं काम करतं. आणि ताशी ४० किलोमीटरने जाणारी स्कूटर ब्रेकवर बोट जाण्याआधीच २ मीटरहून जास्त पुढे जाते, हे याच आकड्यातून मुलाला काढायला लावा. पुढे उपयोगी पडेल.

लाडवाखाली मिठाईच्या खोक्यात जी चुणीदार कागदी वाटी असते, ती टाकून देऊ नका. एक वाटी सोडली की ती थोड्याच अंतरात एकाच संथ वेगाने खाली येऊ लागते, कारण हवेचा विरोध आणि वजन बरोबरीला येतात. चार वाट्या एकात एक बसवून सोडल्या तर वेग दुप्पट होतो. म्हणून एक वाटी १ मीटरवरून आणि चार वाट्यांचा गठ्ठा २ मीटरवरून एकदम सोडा, जवळपास एकदम टेकतात. तुमच्या टेबल टेनिसच्या चेंडूचं काय झालं ते मुलाला इथे कळेल. हवेत जड वस्तू आधी पडते हा त्याचा अनुभव चुकीचा नव्हता, त्यामागचं कारण वेगळं होतं.

बाटलीचा प्रयोग शेवटी ठेवा, अंगणात किंवा न्हाणीघरात. एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीला तळाजवळ दाभणाने दोन भोकं पाडा (हे मोठ्यांनी करायचं), पाणी भरा, झाकण लावू नका. धारा लागतात. आता बाटली हातातून सोडली तर धारांचं काय होईल? लिहा. सोडली की धारा बंद! पाणी आणि बाटली दोन्ही सारखंच पडत असल्यामुळे पाण्याचा भार बाटलीच्या तळावर उरत नाही, मग ते बाहेर ढकलणार कोण? इथपर्यंत बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. पुढचा प्रश्न फार कमी जण विचारतात: बाटली सरळ वर फेकली तर? बहुतेकांचं उत्तर येतं की वर जाताना धारा लागतील, खाली येताना थांबतील. फेकून पाहा, मोबाइलवर टिपा. हात सुटल्या क्षणापासून, वर जातानाही, धारा बंद असतात. वर जाणारी बाटलीसुद्धा गुरुत्वाच्याच हवाली झालेली असते. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो तेव्हा त्यावरचं गुरुत्व शून्य होतं, असं पदवी घेतलेले लोकही सांगतात. त्यांनाही ही बाटली द्या.

याच बाटलीतून अंतराळ स्थानकाकडे जाता येतं. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. "तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात" हे वाक्य सर्रास ऐकू येतं. तितक्या उंचीचा मनोरा बांधून त्यावर काटा ठेवला, तर इथला ६० किलोचा माणूस तिथे ५३ किलो भरेल. गुरुत्व आहेच, भरपूर आहे. स्थानक आणि आतली माणसं दोन्ही सतत पडताहेत, आपल्या बाटली आणि पाण्यासारखी. फक्त आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त असल्यामुळे पडता पडता पृथ्वीची गोलाई वळून जाते आणि जमीन काही भेटत नाही.

लंबकाचं एका वाक्यात सांगतो. गाठीपासून खड्याच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर दोरा ठेवला तर २० हेलकाव्यांना (जाऊन-येऊन एक) २० सेकंद लागतात, खडा बदलला तरी तेवढेच. ताणलेल्या कापडावर गोट्या फिरवून गुरुत्व दाखवतात ते मात्र या वयात टाळा. कापडाला खड्डा पडतो तोच मुळी गुरुत्वाने, आणि शहाणं मूल ते विचारतंच.

आता चौथीतली मुलगी. तिला आकडे नकोत. तिला गवंड्याचा ओळंबा द्या आणि घरभर फिरू द्या. कोणती भिंत सरळ, कोणतं कपाट झुकलेलं. पुठ्ठ्याचा महाराष्ट्र कापून वेगवेगळ्या टोकांना टाचणीने टांगा, ओळंब्याच्या रेषा आखा, त्या छेदतात तो बिंदू बोटावर ठेवला की महाराष्ट्र तोलून राहतो. आणि "खालच्या बाजूचे लोक पडत कसे नाहीत?" हे तिने विचारलं नसेल तर विचारेल. आर्यभटाने यासाठी कदंबाच्या फुलाची उपमा दिली आहे: गोल गाठीवर सगळ्या बाजूंनी केसर असावेत तसे पृथ्वीवर सगळीकडे प्राणी. कदंब नाही मिळाला तर संत्र्यात लवंगा खोचा. प्रत्येक लवंगेचं "खाली" म्हणजे संत्र्याचा मध्य.

यावर कुणीतरी पाहुणा हमखास म्हणतो की हे सगळं भास्कराचार्यांनी आधीच शोधलं होतं. मुलांना नेमकं सांगा. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत लिहिलं की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे ओढते आणि म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. किती वेळात किती पडते, आणि तेच ओढणं चंद्राला कसं लागू होतं, हे गणित त्यात नाही. ते गॅलिलिओ आणि न्यूटनच्या काळातलं. पण त्याच श्लोकात पुढे चौथीच्या मुलीला पडावा असा प्रश्न आहे: सगळं पृथ्वीकडे पडतं, मग पृथ्वी स्वतः कुठे पडणार? त्यांचं उत्तर, सगळ्या बाजूंना आकाश सारखंच आहे, ती पडेल तरी कुठे?

आज आपण आणखी एक गोष्ट सांगू शकतो. पृथ्वी पडतेच आहे, सूर्याकडे, वर्षभर, स्थानक पृथ्वीभोवती पडतं तशी. मुलीने हा प्रश्न काढलाच, तर उत्तर तुम्ही देऊ नका, तिच्या दादाला द्यायला लावा. बाटली वर फेकून पाहिली असेल तर त्याला जमेल.